माहितीचा अधिकार: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

आम्ही तीन-चार जण तालुक्याच्या गावी रविवारी सकाळी वाचनालयात बसतो आणि माहिती अधिकाराचे अर्ज लिहायला लोकांना मदत करतो. येणारे लोक वेगळे, प्रश्न मात्र तेच. म्हणून हे टिपण. बहुतेक उत्तरं महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांसाठी आहेत. केंद्राची कार्यालयं आणि गोवा यांत काय फरक पडतो ते शेवटच्या प्रश्नात आहे.

१. मी शेतकरी माणूस, शिक्षण बेताचं. मला अर्ज करता येईल का? आणि 'कशाला पाहिजे माहिती?' असं विचारलं तर?

येईल. भारताचा कोणताही नागरिक अर्ज करू शकतो. कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला आणि त्याच्या कलम ६(२) नुसार अर्जदाराला कारण सांगावं लागत नाही. संपर्कासाठी लागेल तेवढाच तपशील द्यायचा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायला मदत करणं हे जन माहिती अधिकाऱ्याचं, म्हणजे कार्यालयात हे अर्ज हाताळायला नेमलेल्या अधिकाऱ्याचं, काम आहे. प्रत्यक्षात तो 'बाहेर टायपिंगवाल्याकडे जा' असं सांगतो, तो भाग वेगळा.

संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज करू नका. नागरिक माणूस असतो, मंडळ नव्हे. अध्यक्ष असलात तरी अर्ज स्वतःच्या नावाने द्या.

२. अर्ज नेमका कोणत्या कार्यालयात द्यायचा? चुकीच्या ठिकाणी गेला तर पैसे आणि वेळ वाया जातो का?

कागद ज्या कार्यालयात तयार झाला किंवा आज जिथे ठेवला आहे, तिथे द्यायचा. गावातल्या गटाराचं काम ग्रामपंचायतीने केलं की जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने, हे आधी कामाच्या फलकावर पाहून घ्या. फलक नसेल तर ग्रामसभेत विचारा.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) नुसार त्यांनी तो ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवून तुम्हाला तसं कळवायचं असतं. 'हा विषय आमच्या कार्यालयाशी संबंधित नाही' एवढं लिहून अर्ज परत करणं कायद्यात बसत नाही. एकाच कार्यालयातलं दुसरं टेबल ही तर सबबच नव्हे. ज्याच्याकडे नस्ती, म्हणजे फाइल, आहे त्याच्याकडून ती मिळवणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम. त्याने मागूनही दुसऱ्याने दिली नाही, तर त्या दुसऱ्यालाच कलम ५(५) नुसार माहिती अधिकारी मानून जबाबदार धरता येतं.

३. खर्च किती येतो?

अर्जाला १० रुपये. आमच्याकडे सगळे कोर्ट फी स्टॅम्पच लावतात, रोखीने भरलं तर पावती घ्या. छायाप्रतीला पानामागे २ रुपये. कागद पाहायचे असतील तर पहिला तास मोफत, पुढच्या वेळेला किरकोळ शुल्क. पहिल्या आणि दुसऱ्या अपिलाला प्रत्येकी २० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला अर्जाचं शुल्क नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते.

छायाप्रतींचे पैसे मागणारं पत्र आलं की त्यात किती पानं आणि कोणत्या दराने, याचा हिशेब असायला हवा. हे पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस माहिती देण्याच्या ३० दिवसांच्या मुदतीत धरत नाहीत. म्हणून भरायला उशीर करू नका. मुदत उलटून गेल्यावर माहिती दिली तर ती फुकट द्यावी लागते, हे कलम ७(६). हे वाक्य पाठ करून ठेवा, कार्यालयात फार उपयोगी पडतं.

४. 'अर्ज १५० शब्दांपेक्षा मोठा आहे' म्हणून परत आला. हा नियम खरा आहे का?

खरा आहे, पण फक्त महाराष्ट्राच्या नियमांत. २०१२ साली राज्याने नियम बदलून दोन अटी घातल्या: एका अर्जात एकच विषय आणि मागणी साधारणपणे १५० शब्दांत. विषय एकापेक्षा जास्त असतील तर पहिल्या विषयाची माहिती देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगता येतं. अख्खा अर्ज परत करण्याला त्यातून आधार मिळत नाही.

आम्हाला विचाराल तर ही अट जाचक असली तरी अर्ज सुधारायला तिचा फायदाच होतो. ज्या अर्जात आधी दोन पानं गाऱ्हाणं आणि शेवटी चार ओळी मागणी असते, त्याला उत्तरही तसंच मोघम येतं.

५. अर्जात लिहायचं काय? 'रस्ता सहा महिन्यांत का उखडला?' असं विचारलं, तर 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असं उत्तर आलं.

रागावू नका, ते उत्तर बरोबर आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये डॉ. सेल्सा पिंटो प्रकरणात सांगितलं की 'का' या प्रश्नाचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. जे कार्यालयाच्या दप्तरी आहे तेवढंच मागता येतं. अधिकाऱ्याने तुमच्यासाठी मत बनवावं, खुलासा करावा किंवा नवा तक्ता तयार करावा, असं कायदा सांगत नाही.

मग रस्त्याचं काय? प्रश्न सोडा, कागदाचं नाव घ्या. प्रत्येक सरकारी कामाची एक कागदांची माळ असते. रस्त्याच्या कामाची साधारण अशी: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, निविदा आणि तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, साहित्याचे चाचणी अहवाल, देयकं, पूर्णत्वाचा दाखला आणि दोष दुरुस्तीच्या कालावधीची अट असलेला करारनामा. यातली मोजमाप पुस्तिका, म्हणजे सगळे जिला 'एमबी' म्हणतात ती, सर्वांत बोलकी. किती लांबी, किती रुंदी, किती जाडीचा थर, कोणत्या तारखेला मोजला आणि कोणी सही केली, हे सगळं तिच्यात असतं. ती घेऊन रस्त्यावर टेप लावायचा. 'का उखडला' याचं उत्तर कोणी न देता मिळतं.

एक माणूस आला होता. त्याच्या वस्तीवरच्या रस्त्याच्या एमबीमध्ये ज्या दिवशी डांबरीकरण मोजल्याची नोंद होती, त्या दिवशी रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं. त्याच्याकडे फोटो होता. पुढचं काम त्या दोन कागदांनीच केलं.

अर्जात कामाचं नाव, वर्ष आणि ठिकाण लिहा. 'सर्व माहिती', 'संपूर्ण तपशील', 'आजपर्यंतचा' हे शब्द टाळा. हवं तर साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे नमुने घेणं या दोन्ही गोष्टी आहेत, पण त्या फारसं कोणी वापरत नाही.

६. अर्ज न करताच फाइल पाहता येते, असं ऐकलं. खरं का?

हो. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने निर्णय काढला: जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे, आणि सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याआधीच सुरू झाली होती. जाताना त्या शासन निर्णयाची प्रत खिशात असू द्या. 'असं काही आमच्याकडे आलेलं नाही' हे वाक्य ऐकायला मिळण्याची शक्यता बरीच आहे.

शिवाय कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने १७ मुद्द्यांची माहिती कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायची असते: कर्मचाऱ्यांची यादी आणि मासिक वेतन, अंदाजपत्रक, अनुदान योजनांचे लाभार्थी, दिलेले परवाने वगैरे. आधी तिथे पाहा. जाहीर केलेली नसेल तर अर्जात 'कलम ४(१)(ख) खाली प्रसिद्ध केलेल्या माहितीची अद्ययावत प्रत' मागा. छोट्या कार्यालयात याने खळबळ उडते, कारण बहुतेकांनी ती एकदा तयार करून कपाटात ठेवलेली असते.

७. ३० दिवस कधीपासून मोजायचे? पोच देत नाहीत.

अर्ज माहिती अधिकाऱ्याच्या कार्यालयात पोचला त्या दिवसापासून. सहायक माहिती अधिकाऱ्याकडे दिला असेल तर आणखी ५ दिवस धरा. एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती असेल, उदाहरणार्थ कोणाला ताब्यात घेऊन कुठे ठेवलं आहे, तर ४८ तासांत. रस्ता आणि रेशन कार्ड यात बसत नाही. 'तातडीचे' असा लाल शेरा मारून काही होत नाही.

पोच म्हणजे दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. मी स्वतः एका कार्यालयात अर्ज देऊन नुसत्या हसऱ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून परतलो होतो. दीड महिन्याने गेलो तर आवक नोंदवहीत नोंदच नाही. तेव्हापासून पोच मिळाली नाही की मी सरळ पोस्टात जातो. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, म्हणून स्पीड पोस्टची पावती आणि पोचल्याच्या नोंदीची छापील प्रत सांभाळा. राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर अर्ज केला तर नोंदणी क्रमांक लगेच मिळतो, पण सगळी गाव-पातळीची कार्यालयं त्यावर सापडत नाहीत.

८. 'माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने कार्यालयात येऊन अवलोकन करावे' असं पत्र आलं. जावं का?

जा, आणि आनंदाने जा. हे पत्र पाहून निम्मे लोक अर्ज सोडून देतात, पण अवलोकनात जे कळतं ते छायाप्रतींतून कळत नाही. तुम्ही ज्याचं नावही ऐकलं नव्हतं असा कागद नस्तीत दिसतो. वही-पेन न्या, पानांवरचे क्रमांक पाहा, मधले क्रमांक गायब असतील तर लिहून घ्या. हवी ती पानं खुणा करून त्यांच्याच प्रती मागा. परतताना 'अमुक नस्ती पाहिली, पृष्ठ क्रमांक इतके ते इतके' असं दोघांच्या सहीने लिहून घ्या.

अवलोकनाला बोलावून प्रत नाकारणं मात्र चुकीचं आहे. प्रमाणित प्रत घेणं हा अधिकाराचाच भाग आहे.

९. अधिकाऱ्यांचे शेरे असलेली टिप्पणी मिळते का? ती 'अंतर्गत' आहे म्हणतात.

मिळते. अर्जात 'पत्रव्यवहार आणि टिप्पणी पृष्ठांसह' असं स्पष्ट लिहा, नाहीतर फक्त पत्रव्यवहार देतात. फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस पडली, हे टिप्पणीवरच्या तारखांतून दिसतं. राज्यात २००५ चा दफ्तर दिरंगाईचा कायदा आहे. त्यात एका कर्मचाऱ्याकडे नस्ती साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं म्हटलं आहे. तारखा हातात असल्या की तो कायदा वापरता येतो.

१०. 'चौकशी सुरू आहे, कलम ८ नुसार देता येत नाही' असं उत्तर आलं.

चौकशी सुरू आहे एवढं पुरेसं नाही. कलम ८(१)(ज) म्हणतं की माहिती दिल्याने तपासात किंवा कारवाईत अडथळा येणार असेल तरच नाकारता येते, आणि अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्याने लिहायला हवं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगत सिंह प्रकरणात हेच सांगितलं. अपिलात एकच वाक्य लिहा: 'अडथळा कसा येतो, हे उत्तरात नमूद नाही.' नस्तीतला काही भाग खरोखर देता येण्यासारखा नसेल, तर तो झाकून उरलेला द्यावा लागतो. ते कलम १०.

११. ठेकेदाराने हरकत घेतली म्हणून माहिती नाकारली.

त्रयस्थ पक्षाची, इथे ठेकेदाराची, प्रक्रिया त्याने गोपनीय म्हणून दिलेल्या माहितीला लागते. त्याला नोटीस जाते, म्हणणं मांडायला १० दिवस मिळतात, निर्णय अर्जापासून ४० दिवसांत. पण हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे, निर्णय माहिती अधिकाऱ्याचाच. आमच्या मते सार्वजनिक पैशातून दिलेल्या देयकाला आणि मोजमाप पुस्तिकेला गोपनीय म्हणण्यात अर्थ नाही.

१२. 'वैयक्तिक माहिती' म्हणून सरसकट नकार येऊ लागले आहेत. कायदा बदलला का?

बदलला, आणि हा बदल मोठा आहे. आधी कलम ८(१)(ञ) नुसार वैयक्तिक माहिती नाकारताना दोन गोष्टी पाहाव्या लागत: तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही ना, आणि खासगीपणात विनाकारण घुसखोरी होते का. शिवाय, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं तिथे लिहिलेलं होतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ च्या कलम ४४(३) ने हे सगळं काढून 'वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती' एवढंच ठेवलं. नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू झालं.

उरलं काय? कलम ८(२). प्रकटनातलं सार्वजनिक हित संरक्षित हिताच्या हानीपेक्षा जास्त असेल, तर माहिती देता येते. म्हणून आता अर्जात दोन ओळी जास्त लिहा. कारण सांगण्याची सक्ती नाही (प्रश्न १), पण इथे सार्वजनिक हित काय आहे ते सांगितलेलं बरं. दुसरं म्हणजे माणसाऐवजी पद आणि काम धरून मागा: 'अमुक यांची हजेरी' नको, 'अमुक उपकेंद्रातल्या परिचारिका पदाचा अमुक महिन्याचा हजेरीपट'. तिसरं म्हणजे प्रश्न ६ मधली कलम ४ ची वाट. मासिक वेतन आणि लाभार्थी याद्या त्या कलमात अजून आहेत. घरकुलाची यादी वैयक्तिक म्हणून नाकारली तर बोट तिथे ठेवा.

एखाद्याचं आयकर विवरणपत्र किंवा खातेनिहाय चौकशीचे कागद मात्र आधीही सहजी मिळत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा गिरीश देशपांडे निकाल त्याबद्दलच आहे. शेजाऱ्याशी भांडण झालं म्हणून त्याच्या सेवापुस्तकाची प्रत मागणाऱ्यांना आम्ही चहा पाजून परत पाठवतो.

१३. 'नस्ती आढळून येत नाही' असं उत्तर आलं. विषय संपला का?

नाही. 'आढळून येत नाही' हे नकाराचं कारण म्हणून कलम ८ मध्ये कुठेच नाही. अपिलात तीन गोष्टी मागा: शोध घेतल्याचा लेखी अहवाल, त्या नस्तीची नोंद असलेल्या नोंदवहीची प्रत, आणि नष्ट केली असेल तर नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी व आदेश. अभिलेखांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात. 'अ' वर्गातला कागद कायम जपायचा असतो, तो नष्ट केला म्हणता येत नाही.

खरंच गहाळ असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ दाखवा. त्यात ५ वर्षांपर्यंत कारावास किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पोलिसांत तक्रार द्यावी लागेल असं सुनावणीत निघालं की बऱ्याच नस्त्या आठवड्याभरात सापडतात. कपाटामागे पडली होती म्हणे.

१४. उत्तर आलंच नाही, किंवा अर्धवट आलं. आता?

पहिलं अपील. त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, जोडपत्र 'ब' या ठरलेल्या नमुन्यात. मुदत ३० दिवस: उत्तर मिळाल्यापासून, किंवा उत्तरच नसेल तर उत्तराची मुदत संपल्यापासून. निर्णय ३० दिवसांत, कारणं नोंदवून फार तर ४५. तिथेही पदरात काही पडलं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील, जोडपत्र 'क' मध्ये. आयोगात तारीख मिळायला पुष्कळ थांबावं लागतं, म्हणून पहिलं अपील मन लावून लिहा.

सुनावणीत भ्रष्टाचारावर भाषण करू नका. मुद्दा क्रमांक, काय मागितलं, काय दिलं, काय राहिलं, असा चार रकान्यांचा कागद पुढे ठेवा. अपिलीय अधिकारी तोच कागद आदेशात उतरवतो.

१५. २५ हजारांचा दंड कसा होतो? ते पैसे मला मिळतात का?

दंड दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार. तो फक्त आयोग करू शकतो, अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल होतो आणि सरकारजमा होतो. तुमचं नुकसान झालं असेल तर भरपाईची मागणी कलम १९(८)(ख) खाली वेगळी करा, पुराव्यासह.

इथे एक गोम आहे. कलम १८ ची 'तक्रार' आणि कलम १९ चं 'अपील' या वेगळ्या वाटा आहेत. तक्रारीत आयोग दंड करू शकतो, पण माहिती द्या असा आदेश देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. कागद हवा असेल तर अपीलच करा.

१६. आमच्या हौसिंग सोसायटीला हा कायदा लागतो का?

थेट नाही. सरकारचा मोठा निधी नसलेली सहकारी संस्था 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा थलप्पलम निकाल आहे. पण उपनिबंधक कार्यालय सरकारी आहे. तुमच्या सोसायटीचे तिथे दाखल झालेले लेखापरीक्षण अहवाल, निवडणुकीचे कागद, चौकशी आदेश तिथून मागता येतात. शिवाय सदस्य म्हणून दप्तर पाहण्याचा हक्क सहकार कायद्यात आहेच. सचिवाला आधी त्याचं पत्र द्या.

१७. परीक्षेची माझी उत्तरपत्रिका मिळेल?

स्वतःची, हो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात तो हक्क मान्य केला. स्पर्धा परीक्षांबाबत न्यायालयाने २०१८ मध्ये हात आखडता घेतला, तिथे प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही.

१८. सातबारा, कोर्टाच्या निकालाची प्रत, रखडलेला दाखला, यासाठीही हाच अर्ज?

नको. सातबारा ऑनलाइन मिळतो. न्यायालयाच्या कागदांसाठी नकलेचा अर्ज करायचा, सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये तेच सांगितलं. दाखला रखडला असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करा, कारण तुम्हाला तिथे माहिती नव्हे, सेवा हवी आहे. हां, 'माझ्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली त्याची टिप्पणी' मागितली तर कधी कधी दाखलाच आधी तयार होतो.

१९. अर्ज केल्याचं गावात कळलं आणि धमकी आली. काय करू?

हे हसण्यावारी नेऊ नका. तळेगाव दाभाडे इथले सतीश शेट्टी जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. धमकी आल्यास लेखी तक्रार पोलिस ठाण्यात आणि प्रत पोलिस अधीक्षकांना द्या. एकट्याने अर्ज करू नका. तीच माहिती पाच जणांनी वेगवेगळी मागितली की एका माणसाला गाठून काही साधत नाही. पत्त्याची भीती असेल तर टपालपेटी क्रमांक देता येतो. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्याला मान्यता दिली आहे. मिळालेले कागद घरात ठेवू नका, प्रती दोन-तीन ठिकाणी असू द्या.

२०. मी दुबईत असतो, गावच्या जमिनीच्या संपादनाची नस्ती हवी आहे. आणि रेल्वे किंवा गोव्यातल्या कार्यालयाला हेच नियम का?

भारतीय पासपोर्ट असेल तर तुम्ही नागरिक आहात, अर्ज करता येतो. परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड असलेल्याला नाही, त्याने गावातल्या भावाला सांगावं.

रेल्वे, पोस्ट, राष्ट्रीयीकृत बँका यांना केंद्राचे नियम. तिथे मर्यादा ५०० शब्दांची, आणि शब्द जास्त झाले एवढ्यावरून अर्ज फेटाळता येत नाही. अपिलाला शुल्क नाही. कोर्ट फी स्टॅम्प मात्र चालत नाही, पोस्टल ऑर्डर लावा. परदेशातून असेल तर इलेक्ट्रॉनिक पोस्टल ऑर्डर. ही चूक इतके जण करतात की आमच्या पेटीत न चाललेल्या स्टॅम्पांचे अर्ज साठले आहेत. गोव्याने १९९७ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. आता तिथेही २००५ चाच कायदा आहे, पण शुल्काचे नियम गोवा शासनाचे. महाराष्ट्राची १५० शब्दांची अट तिथे लागत नाही.

भूसंपादनाची नस्ती मात्र राज्याची, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा विशेष भूसंपादन अधिकारी यांच्याकडे. अर्जात गट क्रमांक, निवाड्याचं वर्ष आणि प्रकल्पाचं नाव लिहा. निवाडा, संयुक्त मोजणीचा अहवाल आणि ताबा पावती, हे तीन कागद आधी मागा. बाकीचे त्यातल्या संदर्भांवरून पुढच्या अर्जात.